भाव आणि मोल : मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीतील इंधनपालट

‘भाव’ आणि ‘मोल’ हे दोन शब्द व्यवहारात पुष्कळदा एकमेकांच्या जागी योजले जातात. परंतु त्यांच्या अर्थच्छटा भिन्न आहेत. भाव बाजारात ठरतो. तो आज एक तर उद्या दुसरा. मोल द्यावे लागते, आणि ते देणारा मनुष्य बाजारात हजर असतोच असे नाही. इंधनाचे भाव चढले की पर्यायी ऊर्जेची व सार्वजनिक वाहनांची चर्चा सुरू होते. ते उतरले की ती मावळते. मुंबईच्या वाहतुकीच्या इतिहासात भाव कोणी ठरविला आणि मोल कोणी दिले, एवढेच प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा लोकांनी नव्या वाहनाला ‘आगगाडी’ म्हटले. वाहनाला त्याच्या ऊर्जेवरून नाव मिळाल्याचे हे ठळक उदाहरण होय. शहरातील रस्त्यांवर मात्र ९ मे १८७४ पासून जी ट्राम धावू लागली ती घोड्यांची होती. तिचे इंधन म्हणजे दाणा आणि गवत. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली. परंतु ही वीज कोळसा जाळून निर्माण होत असे. घोडे गेले, धूर रस्त्यावरून वीजघराच्या धुराड्यात गेला, इतकाच तो पालट होता.

कोळसा ही मुंबईची जुनी अडचण होती. खाणी बंगाल-बिहारकडे आणि गिरण्या पश्चिम किनाऱ्यावर; त्यामुळे वाहतुकीचा खर्च चढून कोळसा येथे महाग पडे. याउलट सह्याद्रीच्या माथ्यावर दरवर्षी विपुल पाऊस पडतो आणि कोकणाच्या बाजूस डोंगर एकदम उतरतो. या उताराचा उपयोग करण्यासाठी १९१० साली टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली. खोपोलीचे वीजघर १९१५ साली व भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. पहिले ग्राहक गिरण्या होत्या. वाहतूक मागाहून आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची गाडी धावली, १९२८ साली चर्चगेट-बोरिवली मार्गावर वीज आली, आणि १९३० पर्यंत विजेचे इंजिन घाट ओलांडून पुण्यास पोहोचले. रेल्वेची सगळीच वीज पाण्याची होती असे मात्र नव्हे. ठाकुर्लीजवळ चोळे येथे रेल्वेने स्वतःचे कोळशावरील वीजघरही उभारले होते. गाडीतील आग विझली. भाषेने मात्र ‘आगगाडी’ हे नाव सोडले नाही.

येथवरचा वृत्तान्त यशाचा आहे. त्याची दुसरी बाजू मुळशीस आहे. भिऱ्याच्या वीजघरासाठी मुळशी खोऱ्यातील नदीवर धरण बांधावयाचे ठरले, तेव्हा पन्नासाच्या आसपास गावांवर गंडांतर आले. १९२१ साली पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली तेथील मावळ्यांनी सत्याग्रह पुकारला. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. जमिनी ज्यांच्याकडे गहाण होत्या त्या सावकारांपैकी अनेकांचा कल मोबदला घेऊन मोकळे होण्याकडे होता. जे जमीन कसत होते त्यांना पैशाने तिची भरपाई होईल असे वाटत नव्हते. एकाच शेताचा एकाला भाव दिसत होता आणि दुसऱ्याला मोल, असे म्हणावयास हरकत नाही. १९२४ पर्यंत लढा चालला आणि मोडला. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. पुढे मराठीत ‘धरणग्रस्त’ हा शब्द रूढ झाला. ‘पूरग्रस्त’, ‘दुष्काळग्रस्त’ यांच्या धर्तीवर तो घडला आहे. धरण मनुष्य बांधतो. परंतु शब्दाने त्याला निसर्गाच्या आपत्तींच्या पंक्तीस बसविले. त्यामुळे त्यात निर्णय घेणारा कर्ता उरला नाही.

आता खनिज तेलाकडे वळू. मुंबईत बस प्रथम १५ जुलै १९२६ रोजी धावली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा कोळशाच्या वायूवर मोटारी चालविण्यात आल्या. तेल पुन्हा मिळू लागताच तो पर्याय विस्मृतीत गेला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम धावली. १९६२ साली सुरू केलेली विजेच्या तारांवरची ट्रॉलीबसही १९७१ साली बंद झाली. अशा रीतीने रस्त्यावरील सार्वजनिक वाहतूक पूर्णपणे तेलाच्या अधीन झाली. आणि १९७३ च्या ऑक्टोबरपासून पुढील जानेवारीपर्यंत तेलाचा जागतिक भाव पिंपास सुमारे ३ डॉलरवरून सुमारे १२ डॉलरवर गेला. ट्राम केवळ स्वस्त तेलामुळे गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिची गती मंद होती, रस्ते अपुरे पडत होते. तथापि तेल स्वस्त होते म्हणूनच तिला निरोप देणे सोपे गेले. रूळ एकदा उखडले की भाव चढल्यावर ते लगेच परत घालता येत नाहीत. ज्या लोहमार्गांवर विजेच्या तारा कायम राहिल्या, त्यांवरील उपनगरी गाड्यांना मात्र या भाववाढीची थेट झळ लागली नाही.

२०२३ साली विजेवर चालणारी दुमजली बस मुंबईच्या रस्त्यांवर आली. म्हणजे रस्त्यावरील वाहतूक पुन्हा विजेकडे वळली आहे, आणि हे वळण स्वागतार्ह आहे. परंतु देशातील विजेचा मोठा भाग आजही कोळशापासूनच निर्माण होतो, आणि सूर्य व वारा यांच्या ऊर्जेलाही जमीन लागतेच. ती जमीन कोणाची, हा मुळशीचा प्रश्न होय. ऊर्जेचा भाव शहराच्या हिशेबवहीत सापडतो. मोलाची नोंद शोधण्यासाठी अभ्यासकाला धरणाच्या पाण्याखालील गावांपर्यंत जावे लागते. त्या गावांच्या नोंदी जमविल्यावाचून मुंबईच्या वाहतुकीचा इतिहास पुरा झाला असे म्हणता येणार नाही.