पदराची उलटी बाजू



व्याख्यानमालेचे दिवस आणि लग्नसराईचे दिवस एकच असतात. तेव्हा समोर बसलेल्यांपैकी निम्मी मंडळी या घडीला बस्ता बांधण्याच्या विवंचनेत असणार, हे धरूनच मी आजचा विषय घेतला. कामगार चळवळीतल्या माणसाने संपावर बोलावे, वेतनावर बोलावे, पैठणीवर कशाला, असे चालकांपैकी एकाने मला आडून विचारलेही. त्यांना मी इतकेच म्हटले की, पैठणी काही झाडाला लागत नाही.

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. शाळा नववीत सुटली आणि यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायला लागलो. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा एखादा दुवा निसटला, तर जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

मुलीच्या लग्नाला पैठणी घ्यावयाची म्हणून आम्ही उभयता एका मोठ्या शहरातल्या मोठ्या दुकानात गेलो. गाद्या अंथरलेल्या, चहा आला, साड्यांचा ढीग पडला. दुकानदार म्हणाले, "ताई, हातमागाची आहे, शुद्ध रेशीम, जर खरी, हवी तर तपासून घ्या." सौभाग्यवतींनी साडीचा पदर हातात घेतला आणि सहज उलटा केला. मागच्या अंगाला मोराच्या पाठीवरून सुटे धागे लोंबत होते, काही ठिकाणी कातरलेले होते. मी उभे आयुष्य मागांच्या खडखडाटात काढले आहे. हे काम कोणत्या मागाचे ते मला सांगावे लागत नाही. आम्ही चहाचे आभार मानून उठलो.

पैठणीची खूण ती हीच. काठाची आणि पदराची वीण अशी की, उलट आणि सुलट जवळजवळ सारखीच दिसावी. साधे कापड विणताना एकच धोटा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो. पैठणीच्या पदरात तसे नसते. मोराची मान जेवढी रुंद तेवढ्यापुरताच निळा धागा जातो, शेजारच्या रंगाच्या किंवा जरीच्या धाग्यात अडकतो आणि माघारी फिरतो. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी. येवल्याकडे तिला तिल्ली म्हणतात. एका ओळीत अशा कित्येक तिल्ल्या बोटांनी फिरवाव्या लागतात, तेव्हा कापड एका धाग्याने वाढते. यंत्राला हे परवडत नाही. ते जादा धागा मागून ओढत नेते, म्हणून मागे धागे लोंबतात. यात यंत्रमागाचा गुन्हा काही नाही. यंत्रमागावरचा माणूसही आमचाच, त्याच्यासाठी मी तुरुंगात गेलेलो आहे. यंत्राचे कापड यंत्राचे म्हणून स्वस्तात विकावे, कोणीही आनंदाने नेसावे. हाताचे म्हणून विकले की दोन्हीकडच्या मजुराच्या तोंडातला घास जातो.

आता इतिहासाकडे वळतो. पैठणी दोन हजार वर्षांची, सातवाहनांच्या राण्या ती नेसत, असे जाहिरातीत छापलेले असते. प्रतिष्ठान ही सातवाहनांची राजधानी, हे खरे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात, म्हणजे 'पेरिप्लस'मध्ये, पैठणचे नाव आहे, हेही खरे. परंतु त्यात लिहिले आहे काय? पैठणहून भडोचच्या बंदराकडे गाड्यांतून जाई तो गोमेदासारखा दगड. आणि कापड जाई ते तगरहून, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून. तेही सुती. पैठणच्या रेशमाचा तिथे शब्द नाही. आपल्या गावचा अभिमान असावा, पण दगडाचे रेशीम करू नये.

मला त्या काळातली दुसरीच एक नोंद अधिक मोलाची वाटते. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ती कोठे ठेवली? सावकाराकडे नव्हे, सरकारी खजिन्यात नव्हे. गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेचे व्याज वर्षाला दोनशे चाळीस होते, त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणांचे वस्त्र मिळावयाचे. मी हा हिशेब वाचनालयात कागदावर मांडून पाहिला, तो बरोबर जुळला. राजाचा जावई ज्यांच्या पतीवर पैसे ठेवतो, ते विणकर! पुढे पाचव्या शतकात लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, मंदसोरला गेलेल्या रेशीम विणकरांच्या श्रेणीने स्वतःच्या पैशाने सूर्यमंदिर बांधले, आणि ४७३ साली त्याचा जीर्णोद्धार केल्याचा लेख खोदविला. कारागिरांच्या संघटनेने आपली हकिकत दगडावर लिहून ठेवावी, हे वाचून माझ्यासारख्याची छाती फुगली तर क्षमा असावी.

श्रेणी केव्हा आणि कशा मोडल्या, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल. पेशवाईत येतो तेव्हा चित्र पालटलेले आहे. माधवराव पेशव्यांनी असावलीचे दुपट्टे मागविल्याचे पत्र १७६८ सालचे आहे. त्यात रंग दिले आहेत: लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी. गिऱ्हाइकाची आवड इतक्या बारकाईने नोंदलेली, विणणाराचे नाव मात्र नाही. पुढे निजामाच्या घराण्यालाही पैठणीची हौस होती. पैठण १९४८ पर्यंत त्यांच्याच राज्यात होते. दरबार होता तोवर माग चालले. दरबार ओसरला, गिरणीचे कापड आले, आणि पैठणचे माग एकेक करून थांबले.

ती विद्या जगली ती मुख्यतः येवल्यात. येवले तात्या टोप्यांचे जन्मगाव. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी आपली धर्मांतराची घोषणा केली तेही येवलेच. जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात येवल्याच्या रेशमाची हकिकत आहे. रघोजी नाईक या पाटलांनी शामदास वालजी नावाच्या गुजराती व्यापाऱ्याला येथे आणले, त्याने विणकर आणून बसविले, आणि रेशमी कापड काढण्याचा मक्ता त्या मंडळींपुरता राहिला. बाहेरच्या विणकराला माग मांडावयाची सोय नव्हती. ही मक्तेदारी इंग्रजी अमलातही चालली. १८६४ साली ती कायद्यापुढे टिकली नाही. मग खत्री, साळी, कोष्टी, मोमीन असे सगळेच या धंद्यात आले. बंदी उठली हे चांगलेच झाले. परंतु माग मांडण्याचे स्वातंत्र्य मिळाले, म्हणजे रेशीम घ्यावयाला भांडवल मिळाले असे नव्हे. रेशीम व्यापाऱ्याचे, जर व्यापाऱ्याची, विणकराचे काय ते हात. त्यावर उचल. ज्यांच्याकडे एकेकाळी राजाची ठेव होती, त्यांच्या डोक्यावर आता व्यापाऱ्याची बाकी.

या साऱ्या काळात तपासली गेली ती जर. खरी जर म्हणजे चांदीची तार चापट करून रेशमी धाग्यावर गुंडाळावयाची आणि तिला सोन्याचा मुलामा द्यावयाचा. 'टेस्टेड' म्हणतात तीत तांब्याची तार असते. आता बहुतेक जर सुरतेहून येते आणि रेशीम कर्नाटकातून. जरीची चौकशी आपण बारकाईने करतो, कारण तिला मोड आहे. जुन्या पैठण्या विकत घेऊन जाळणारे लोक असत. राखेतून चांदी काढून घेत. साडी जळाली की त्यात किती वजनाची चांदी होती ते कळते. चार महिने कोणी तिल्ल्या फिरविल्या, ते राखेत सापडत नाही.

स्वराज्य आल्यावर सरकारने काही केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पैठणला प्रशिक्षण केंद्र निघाले. १९८५ साली काही वाणांचे कापड हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा झाला. त्यात साडी होती. यंत्रमागवाले सर्वोच्च न्यायालयात गेले, १९९३ साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. मूळ यादीत २२ वस्तू होत्या, नंतर ११ उरल्या. साडी राहिली आहे, पण पाहणी करावयाला माणसे कोठे आहेत? रेशमाच्या खरेपणासाठी २००४ मध्ये सिल्क मार्क आला, २००६ मध्ये हातमागाचे चिन्ह आले, २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. २००४ पासून दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमात घरोघरच्या वहिनींना पैठणी बक्षीस मिळू लागली, आणि मागणी अशी वाढली की येवल्यात पुन्हा माग बसले. आणि तरीही, २०१९-२० च्या देशव्यापी हातमाग गणनेत सुमारे दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत निघाले. पुढच्याच वर्षी, २०२० च्या जुलैत, अखिल भारतीय हातमाग मंडळही बरखास्त झाले.

आता ज्या भगिनींना उद्या दुकानात जावयाचे आहे त्यांच्यासाठी. सिल्क मार्क रेशमाविषयी बोलतो, मागाविषयी नाही. दोन्ही चिन्हे पाहा. पदर उलटा करा, लाजू नका. मोत्यासारखे एकसारखे, कोठे चुकले नाही असे काम दिसले तर हरखून जाऊ नका. हाताच्या कामात एखादा मोर शेजाऱ्यापेक्षा केसभर जाड असतोच. ज्या काठीने कापड ताणून धरतात तिच्या टोकांची बारीक छिद्रे काठाला असतात, ती पाहा. शंका असेल तर पदराच्या टोकाचा एक धागा मागून जाळा: रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते, बनावट धागा वितळून त्याची कडक गोळी होते. वजनावर जाऊ नका. कच्च्या रेशमाचा डिंक उकळून काढला की पाव हिस्सा वजन कमी होते, आणि ती तूट क्षार चढवून भरून काढणारे व्यापारी जगभर होऊन गेले.

पैसे बेताचे असतील तर खोट्या थाटाच्या पदरापेक्षा साध्या पदराची खरी घ्या. नारळी काठ, अंगावर विरळ बुट्टी, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा अशी एकधोटी पैठणी उन्हात आणि सावलीत वेगळी दिसते. रंगांची जुनी नावेच ऐका: राघू म्हणजे पोपटी, शिरोदक म्हणजे पांढरा, आणि तांबड्या काठाची काळी चंद्रकळा. आणि दुकानदाराला किंमत विचारण्याआधी विचारा, हिला दिवस किती लागले? ज्याला उत्तर येत नाही त्याने ती विणताना पाहिलेली नाही. उत्तर आले तर किमतीतून रेशीम, जर आणि दुकानाचा नफा अंदाजाने वजा करा, उरलेल्याला दिवसांनी भागा. तोंडी जमण्यासारखे आहे.

तो हिशेब आम्ही येवल्यात केला. दुकानातून उठलो ते दुसऱ्या आठवड्यात सरळ येवल्याला गेलो. एका घरात खड्ड्याच्या मागावर घरधनी विणत होते. वहिनी ओसरीवर रेशीम उकलून कांड्या भरीत होत्या. थोरली मुलगी जुन्या ताण्याच्या एकेका धाग्याला नव्या ताण्याचा धागा चिमटीत पिळून जोडत होती. असे हजारो धागे. सौभाग्यवतींनी विचारले, "वहिनी, मजुरी कोणाकोणाची मिळते?" त्या हसल्या. म्हणाल्या, "ताई, मजुरी साडीची असते. माणसांची कुठं मोजतात?" संघटनेचे काम करीत मला तीस वर्षे झाली, तुकड्यावरच्या कामाची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही.

आम्ही राघू रंगाची, नारळी काठाची, साध्या पदराची पैठणी सांगितली. किंमत ठरली तेव्हा मी दिवस विचारले. घरधनी म्हणाले, "दादा, एकट्यानं म्हणाल तर दोन महिने. तिघं मिळून एक." आम्ही तिघांचे तीस दिवस धरून आकडा मांडला. निघाला तो यंत्रमाग कामगाराच्या रोजाच्याही खाली, आणि त्या रोजासाठी तर आम्ही मोर्चे काढीत होतो. मी जरा वाढवून बोललो. ते गप्प राहिले, मग म्हणाले, "बाकीचे गिऱ्हाईक कमी करून मागतं." साडी चौतिसाव्या दिवशी मिळाली, मधले चार दिवस वहिनी आजारी होत्या, कांड्या भरायला कोणी नव्हते.