रहाटाच्या काळातला पातेरा

दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर, मुरुड-आंजर्ल्याच्या पट्ट्यात, नारळी-पोफळीच्या वाड्या पुळणीच्या वाळूवर उभ्या आहेत. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि दिवाळीनंतर पुढचा पाऊस येईपर्यंत झाडं विहिरीवरच जगतात. वाळूत ओतलेलं पाणी थांबत नाही. म्हणून पूर्वी रोज शिंपणं असे. विहिरीवर रहाट, रहाटाच्या माळेला मडकी, जोखडाला रेडा, आणि पाणी पुढे न्यायला पोफळीचं खोड उभं चिरून, पोखरून केलेल्या पन्हळी. एखाद्या आळ्यातली ओल एक दिवस जास्त टिकली, तर तेवढी रेड्याची फेरी वाचे. आच्छादन करा असं कुणी कुणाला सांगत नव्हतं, कारण ज्याला रहाट हाकायचा होता त्याला ते आपोआप कळत होतं. आमच्या भागातला आच्छादनाचा इतिहास मी या रहाटापासूनच मोजतो.

पण आच्छादनाला लागणारा पातेरा, म्हणजे गळलेला सुका पालापाचोळा, मुबलक होता असं समजू नये. त्याला वाटेकरी होते. पहिला वाटेकरी भातशेतीचा राब. ऐन-किंजळीच्या फांद्या छाटून केलेली कवळं, शेण, गवत आणि पालापाचोळा रोपाच्या जागेवर थरांनी पसरायचा, वरून बारीक माती घालायची आणि उन्हाळ्यात भाजून काढायचा. तणाचं बी मरतं, जमीन भुसभुशीत होते, राख मिळते. ही राबाची गरज एवढी मोठी होती, की १८७८च्या वन कायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फांद्या तोडण्यावर बंधनं आली तेव्हा शेतकऱ्यांनी ओरड केली. मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. इंग्लंडहून आलेल्या जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाने १८९३च्या आपल्या शेतीविषयक अहवालात राबाची दखल घेतली. एका पानासाठी सरकार आणि शेतकरी भांडत होते, यावरून पानाची किंमत ओळखावी.

नारळाच्या सोडणांचंही तसंच. चांगली सोडणं खाडीत कुजवून काथ्या आणि सुंभ करायला जात, उरलेली न्हाणीच्या चुलीत. त्यातून जी वाचत ती माडाच्या आळ्यात. आमची आजी ती स्वतः मांडायची. तिची रीत मी जवळून पाहिली आहे: जमिनीवर पसरायची सोडणं पालथी, पाठ वर, चर खणून पुरायची तर उताणी, पोट वर. पालथं सोडण ऊन अडवतं, आणि उताणं पुरलेलं पाणी धरून ठेवतं. जमिनीवर उताणी ठेवली तर पहिल्याच पावसात प्रत्येक सोडणात डासांची पैदास होते. पुढे नारळ संशोधन केंद्रांच्या शिफारशींत अगदी हीच मांडणी वाचली, तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला.

वाडीत कुठला पाला कुठे, याचीही समज होती. आंब्याचं पान चिवट, लवकर कुजत नाही. ते मोठ्या झाडाखाली. उंदीरमारीचा कोवळा पाला थोड्या दिवसांत विरतो. तो अळू, हळद, भाजीच्या वाफ्यांना. झावळ्या तोडून, आडव्या-उभ्या घालून पोफळीच्या रांगांमध्ये.

मग वीज आली, पंप आले. बटण दाबलं की पाणी. रहाटाची मडकी गेली, आणि त्यांच्याबरोबर पातेऱ्याची किंमतही. ज्या अंगणांत पान वेचलं जात होतं, तिथे ते झाडून, ढीग करून पेटवायची सवय लागली. स्वच्छ, उघडी माती म्हणजे नीटनेटकी वाडी, अशी कल्पना रुजली. मला ही कल्पना घातक वाटते. पंप जमिनीतलं पाणी ओढतो, मातीला धरून ठेवायला शिकवत नाही.

आच्छादनाची आठवण परत आली ती कातळावर. १९९०मध्ये रोजगार हमीतून फळबागांची योजना सुरू झाली आणि जांभ्याच्या उघड्या माळावर आंबा-काजूची कलमं लागली. तिथे पंपाचं पाणी पोचत नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात कलम जगवायचं तर खोडाशी सुकं गवत घालणं भाग होतं. त्याबरोबर दोन शत्रूही आले: वाळवी आणि वणवा. म्हणून गवत खोडाला टेकू द्यायचं नाही, हातभर अंतर सोडायचं, आणि बागेभोवती गवत काढून मोकळा पट्टा ठेवायचा. आता कलिंगडाच्या वाफ्यांवर चंदेरी-काळा प्लास्टिकचा कागदही दिसतो. तण त्याने थांबतं, हे खरं. पण त्याचं खत होत नाही, आणि हंगामानंतर फाटके तुकडे बांधावर अडकून राहतात. घरच्या परसात मी तो घालणार नाही.

पाऊस ओसरला, वाफसा आला, की कार्तिकात वीतभर जाड थर घालावा. कोरड्या मातीवर नव्हे, ओलीवर. ठिबकची नळी असेल तर थराखाली. पोफळीखाली मात्र पावसाळ्यात कोळेरोगाने गळलेली फळं पातेऱ्यात राहू देऊ नयेत. ती वेचून वाडीबाहेर नेऊन जाळावीत.