बंडाचे पाणी आणि जोतीरावांचा हौद

पुण्याचे बंड गार्डन मी प्रथम पाहिले ते एम.ए.ला असताना, पंधराएक वर्षांपूर्वी. नदीच्या कडेने गेलेला झाडांचा रस्ता, त्याला लागून बाग, फरसबंद वाट, बाके, खाली मुळा-मुठेचे अडवलेले पाणी. काम नसताना माणसे नदीकाठी जातात, नुसती बसतात, याचेच मला नवल वाटले. मी कोहमाऱ्याचा. आमच्याकडे चुलबंद नदीवर जायचे ते कपडे धुवायला, ढोरे पाजायला, मासोळी धरायला, नाहीतर मढे घेऊन.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझे आईवडील दोघेही हमरस्त्यावर गिट्टी फोडत. तेव्हाचा सहा क्रमांकाचा आणि आता त्रेपन्न म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग आमच्या गावावरून जातो. त्यामुळे कुठलेही दगडी काम दिसले की ते कोणी बांधले यापेक्षा दगड कोणी वाहिला हा प्रश्न माझ्या मनात आधी येतो. इतिहासाच्या प्राध्यापकाला ही खोड शोभो न शोभो, ती जाणार नाही.

बंड गार्डनचा इतिहास पुस्तकांतून मिळतो तो असा. मुळा-मुठेवर येरवड्याजवळ जो दगडी बांध आहे, तो पुण्याच्या पाणीपुरवठ्यासाठी सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभा राहिला आणि १८५० साली पुरा झाला. बांधामुळे पाणी तुंबले, काठ हिरवा झाला, तेथे बाग आली. छावणीतला साहेब संध्याकाळी बग्गीतून या रस्त्याने फिरायला येऊ लागला, बँड वाजू लागला. १८६७ ते १८६९ या काळात शेजारी दगडी कमानींचा पूल झाला. त्याला मुंबईचे गव्हर्नर फिट्झगेराल्ड यांचे नाव दिले, टोकांना दगडी सिंह बसवले. देणगीदाराचे नाव राहिले, गव्हर्नराचे राहिले, सिंहही राहिले. 'बंड' हा शब्दसुद्धा पाहण्यासारखा आहे. फारसीतला 'बंद' आणि आपला 'बांध' एकाच कुळातले. साहेबाच्या तोंडून तो 'बंड' होऊन आमच्याकडे परत आला. मराठीत मात्र बंड म्हणजे उठाव! या अपघाती श्लेषाला मी फार महत्त्व देत नाही, पण त्या पुलाशी एका खऱ्या बंडखोराचा संबंध आहे, आणि बागेत बसणाऱ्याला तो कोणी सांगत नाही.

तो बंडखोर म्हणजे जोतीराव फुले. शाळा काढणारे जोतीराव आपल्याला ठाऊक असतात. कंत्राटदार जोतीराव आपण विसरतो. सरकारी बांधकामांची कंत्राटे हा त्यांच्या उपजीविकेचा मोठा भाग होता. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशी त्यांचा संबंध होता, आणि कात्रजचा बोगदा व खडकवासल्याचे काम यांच्याबरोबरच येरवड्याच्या या पुलाचे नावही त्यांचे चरित्रकार घेतात. म्हणजे एका बाजूला बग्गीची रांग लागत होती, तेव्हा दुसऱ्या बाजूला दगड-चुन्याच्या ढिगाऱ्यापाशी मजुरांच्या हिशेबात हा माणूस उभा होता.

त्याने तेथे काय पाहिले? १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. तिच्यात ब्राह्मण्याचा पुराणांपासून समाचार आहे, आणि त्याच ग्रंथात इंजिनियर खात्यातले ब्राह्मण कामगार कशी लूट करतात यावर एक पवाडाही आहे. अभ्यासक पुराणांच्या चिकित्सेवर पानेच्या पाने लिहितात, हा पवाडा ओझरता उल्लेखून पुढे जातात. मला ते पटत नाही. जातिव्यवस्था धर्मग्रंथांत असते तशी हजेरीपटावरही असते. कोणाच्या हाती लेखणी आणि कोणाच्या डोक्यावर पाटी, हे तीच ठरवते. जोतीरावांना हे कळले ते केवळ वाचनातून नव्हे, कामावरून कळले, असे माझे मत आहे. हा पवाडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा सुट्टीत घरी आईला विचारले, की रस्त्याच्या कामावर तुमची हजेरी कोण लिहायचे? ती म्हणाली, "मुकादम लिहे. काय लिहे ते आमाले का मालूम बाबू? आंगठा देल्ला का झालं." शंभरावर वर्षांचे अंतर तिने एका वाक्यात पुसून टाकले.

आता पाण्याकडे येऊ. पूल बांधला जात असतानाच, १८६८ साली, जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. एकाच शहरात, एकाच काळात ही दोन पाणी होती. एक नदीचे, धरून ठेवलेले, ज्याच्या काठाने बाग सजवली गेली. दुसरे घरगुती हौदाचे, ज्यावर महार-मांगांनी यावे म्हणून घरमालकाने शेजाऱ्यापाजाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. बागेची नोंद गॅझेटियरात झाली. हौदाची नोंद पुढे एकोणसाठ वर्षांनी, १९२७ साली, महाडला चवदार तळ्यावर झाली असे म्हणायला हरकत नाही.

बांधाविषयीही जोतीरावांचे म्हणणे होते. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचा. त्यात त्यांनी सरकारला सुचवले, की रिकाम्या शिपायांकडून आणि पोलिसांकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल. ज्याने नदीकाठचे सरकारी बांधकाम जवळून पाहिले, त्याच्या मनातला बांध रानात होता. पुणे नगरपालिकेचे सभासद असतानाही त्यांची वृत्ती हीच होती. लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचे ठरले तेव्हा त्यांनी विरोध केला; तो पैसा शिक्षणाला लावा म्हणाले. शोभेवरच्या खर्चाकडे पाहण्याची ही नजर आज आपल्याकडे किती जणांत उरली आहे?

पुलापलीकडे येरवडा. तेथला तुरुंग आपण विसरू शकत नाही. २२ सप्टेंबर १९३२ रोजी बाबासाहेब उपोषणाला बसलेल्या गांधींना तेथेच भेटले आणि २४ तारखेला पुणे करार झाला. पुणे स्टेशनच्या बाजूने जाणाऱ्याला ही नदी ओलांडल्यावाचून तो तुरुंग येत नाही. बागेचे नाव पुढे महात्मा गांधी उद्यान झाले. त्याबद्दल तक्रार नाही, पण नाव देताना आपल्याकडे निवड नेहमी एकाच दिशेने का होते, एवढे विचारायला हवे.

त्याच येरवड्यात एका वस्तीला 'नागपूर चाळ' म्हणतात. विदर्भातल्या माणसाला हे नाव ऐकून थांबावेसे वाटते. अलीकडच्या काठावर, रेल्वे आणि नदी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत ताडीवाला रोडची वस्ती आहे. निळे झेंडे, बुद्धविहार, पावसाळ्यात दारापर्यंत येणारे पाणी. बागेपासून हे चालत जाण्याच्या अंतरावर.

आता नदीकाठ पुन्हा सजवला जात आहे. पुण्यातल्या नद्यांच्या ४४ किलोमीटर काठाच्या प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली, आणि काम आधी सुरू झाले त्यात बंड गार्डनचा पट्टा होता. एप्रिल २०२३ मध्ये झाडे तोडू नयेत म्हणून पुणेकर झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. त्यांचे बरोबरच होते. आमच्या महामार्गाच्या रुंदीकरणात झाडे गेली तेव्हा मिठी मारायला कोणी आले नव्हते. पण अहमदाबादेत साबरमतीचा काठ सजवताना हजारो कुटुंबे उठवून शहराच्या टोकांना नेली गेली, आणि त्यांत दलित व मुसलमान किती होते हे सर्वांना माहीत आहे. झाडांची गणती होते तशी काठावरच्या माणसांची गणती आधी जाहीर व्हावी, ही मागणी पुण्यातल्या आपल्या कार्यकर्त्यांनी आताच लावून धरली पाहिजे. भिंत उभी राहिल्यावर नव्हे.

या हिवाळ्यात माझ्या वर्गाची सहल पुण्याला न्यायची आहे. मुलांनी यादीत शनिवारवाडा पहिला लिहिला होता. मी तो खाली नेला आहे. आधी गंज पेठेतला फुलेवाडा, तेथून येरवड्याचा पूल, मग ताडीवाला रोड. वेळ उरला तर बाग.