तारा आधी, यंत्रे मागून

शाळेच्या संगणक कक्षातली निकामी झालेली केबल टाकून देण्यापूर्वी तिचा वीतभर तुकडा आपण कापून ठेवावा. वरचे प्लॅस्टिकचे आवरण सोलले की आत आठ बारीक तारा दिसतात. त्यांच्या चार जोड्या: निळी, नारिंगी, हिरवी आणि तपकिरी. प्रत्येक जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पीळ घालून बसवलेल्या असतात. पट्टी लावून पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. चारही जोड्यांचे पीळ सारखे नसतात; एकीचा घट्ट, तर दुसरीचा थोडा सैल. हा कारखान्यातला निष्काळजीपणा नव्हे.

या पिळाचे मूळ संगणकात नसून दूरध्वनीत आहे. सुरुवातीच्या दूरध्वनीला एकच तार असे आणि परतीचा मार्ग जमिनीतून जाई. शेजारून जाणाऱ्या तारायंत्राची टकटक त्यामुळे बोलण्यात ऐकू येई. पुढे विजेच्या ट्रामगाड्या आल्या तेव्हा तर गोंगाट असह्य झाला. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली परतीसाठी दुसरी तार घेऊन दोन्हींना पीळ घालण्याचे एकस्व मिळवले. बाहेरच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे दोन्ही तारांत नको असलेला विद्युतदाब निर्माण होतो; पण ग्रहण करणारे यंत्र दोन तारांमधील फरक तेवढा वाचते. तारा नुसत्या समांतर असतील तर गोंगाटाच्या जवळची तार सदैव जवळच राहते आणि तिच्यात थोडा अधिक दाब येतो. पीळ असला की दोघी आळीपाळीने जवळ येतात, गोंगाट दोघींत सारखाच भरतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. शेजारच्या जोड्यांचे पीळही एकसारखे ठेवले, तर त्याच त्या तारा पुन:पुन्हा समोरासमोर येऊन एकीतला संदेश दुसरीत उतरेल. म्हणून प्रत्येकीचा पीळ निराळा.

एवढी सोपी युक्ती हाताशी असून संगणकवाले बराच काळ तिच्याकडे वळले नाहीत. १९६४ साली आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्या मुख्य यंत्रापासून फितीच्या व तबकड्यांच्या यंत्रांपर्यंत जाड केबली जात आणि त्या लपवण्यासाठी खोलीला उचललेली, पोकळ फरशी असे. प्रत्येक कंपनीची केबल वेगळी. नवे यंत्र आले की नव्या केबली पडत. जुन्या ओढून काढणे जिकिरीचे, म्हणून त्या तशाच राहत. यंत्रे थंड ठेवणारी हवाही बहुधा त्याच पोकळीतून सोडलेली असे. केबलींचा ढीग वाढला की तिची वाट अडे.

१९७३ साली अमेरिकेत पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ‘इथरनेट’ची कल्पना मांडली व डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. तिच्यात एकच सहअक्षीय केबल सर्व संगणकांत सामाईक असे. या पद्धतीच्या बारीक केबलीची धाव १८५ मीटर होती. ती टेबलामागून टेबलामागे फिरे, जत्रेतल्या दिव्यांच्या माळेसारखी. सफाई करताना कोणी टेबल सरकवले आणि एक जोड निसटला की सगळे जाळे बंद! दोष कोठे आहे हे शोधायला टेबलांखाली रांगत जायचे.

१ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टी या बलाढ्य दूरध्वनी कंपनीचे विभाजन झाले. अमेरिकेत तोवर इमारतीच्या आतल्या तारांची काळजीही दूरध्वनी कंपनीच वाही. आता तो भार मालकांवर येऊ लागला. आयबीएमने आपली केबलपद्धती आणली, एटी अँड टीने आपली. कोणती घ्यावी? तेथील इलेक्ट्रॉनिक व दूरसंचार उद्योगांच्या संघटनांनी १९८५ साली समाईक मानकाचे काम हाती घेतले आणि जुलै १९९१ मध्ये ईआयए/टीआयए-५६८ हे मानक प्रसिद्ध केले. दरम्यान १९९० साली, पीळ घातलेल्या जोड्यांवरून १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ कोटी बिट नेणारे इथरनेटही मान्य झाले होते.

मानकातली मांडणी साधी आहे. प्रत्येक बसण्याच्या जागेपासून मजल्यावरील एका कपाटापर्यंत स्वतंत्र केबल. भिंतीतला कायमचा भाग ९० मीटरपर्यंत आणि दोन्ही टोकांच्या सुट्या दोऱ्यांसाठी मिळून १० मीटर. एक केबल तुटली तर एकच संगणक बंद पडतो. पण आम्हांला यातली खरी नवलाई वेगळीच वाटते. यंत्र कोणते येणार हे ठाऊक नसतानाच तारा घालायच्या आणि त्या दहा वर्षांहून अधिक काळ उपयोगी पडाव्यात, असे ठरवले गेले. यालाच तंत्रज्ञ ‘स्ट्रक्चर्ड केबलिंग’ म्हणतात.

हा अंदाज कितपत खरा ठरला? ज्यांनी १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत ‘श्रेणी ५’ची केबल घातली, त्यांना १९९५ साली तिच्यावरूनच सेकंदाला १० कोटी बिट पाठवता आले. १९९९ साली चारही जोड्या एकाच वेळी दोन्ही दिशांनी वापरून १०० कोटींचे इथरनेट निघाले, तेही याच श्रेणीसाठी; मात्र जुनी केबल आधी तपासून घ्यावी लागे. ज्यांनी पैसे वाचवायला ‘श्रेणी ३’ घातली होती, त्यांतील पुष्कळांना भिंती पुन्हा फोडाव्या लागल्या.

हजारो यंत्रे एका छताखाली ठेवणाऱ्या डेटा सेंटरला कार्यालयाची मांडणी जशीच्या तशी पुरेना. त्यासाठी २००५ साली टीआयए-९४२ हे मानक आले. केंद्रात एक मुख्य वितरण-जागा, तिच्यापासून रांगांसाठी उपवितरण-जागा आणि तेथून यंत्रांच्या मांडण्यांपर्यंत कायम केबली. फेरबदल करायचे ते फक्त जोडफलकावरच्या आखूड दोऱ्यांत. दोन लांबच्या यंत्रांमध्ये थेट केबल ओढायची नाही. वेग वाढला तशी तांब्याची पोच मात्र घटली. सेकंदाला ४००० कोटी बिट नेणाऱ्या ‘श्रेणी ८’ची धाव, २०१६ च्या मानकानुसार, ३० मीटरच आहे. त्यापुढे काचेचे प्रकाशीय तंतू लागतात.

आपल्या तुकड्याला टोकाचा प्लग असेल तर तोही जपून ठेवावा. ‘श्रेणी ५’च्या केबलीत जोडणीजवळ पीळ १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नये असा नियम आहे. प्लग पारदर्शक असतो. जोडणाऱ्याने तो नियम पाळला होता की नाही, हे विद्यार्थ्यांना पट्टी लावून पाहता येईल.