वऱ्हाडातील मंडळी आणि संजीवनाची पूर्वतयारी

पैनगंगेच्या उत्तरेस पसरलेला उमरखेडचा मुलूख हा पुरातन काळापासून सरहद्दीचा मुलूख होय. 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारकडे गेला तरी मालकी नावापुरती निजामाचीच राहिली, 1902 मध्ये तो प्रांत कायमच्या इजाऱ्याने इंग्रजांच्या हाती आला, आणि 1905 मध्ये वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका व त्याबरोबर उमरखेड हे, तोवर वणी जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि त्याच साली यवतमाळ हे नाव पावलेल्या जिल्ह्यात सामील झाले. दप्तरातील हे फेरफार ज्यांच्या नावावर जमिनीचा एक तुकडाही नव्हता अशा रयतेला फारसे जाणवले नसतील. तिला जाणवला तो 1896-97 चा आणि लगोलग आलेला 1899-1900 चा दुष्काळ, ज्यांच्या तडाख्याने 1891 मध्ये सुमारे 29 लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या 1901 मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली.

या प्रदेशातील ख्रिस्ती मंडळीचा इतिहास या उद्ध्वस्त दशकापासून वेगळा काढता येत नाही. 1881 मध्ये हिंदुस्थानात आलेल्या अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड या अमेरिकन दांपत्याच्या पाठोपाठ फ्री मेथडिस्ट पंथाचे कार्य वाढले व यवतमाळ हे त्याचे ठाणे झाले. परंतु घरदार हरपलेल्या माणसांची मंडळी उभी राहते ती केवळ ठाणे बसल्याने नव्हे.

संजीवन म्हटले की केडगावच्या मुक्ती सदनात 1905 च्या जूनमध्ये उसळलेल्या प्रार्थनेच्या लाटेचेच स्मरण बहुधा केले जाते, आणि तिच्या आधीची वर्षे दुर्लक्षित राहतात, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. वऱ्हाडच्या शेजारच्या मध्यप्रांतात 1897 मध्ये स्वतः जाऊन या सदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाईंनी उपासमारीने खंगलेल्या मुली व बालविधवा आणल्या. त्यांना न्हाऊ-जेवू घालणे, दुखणी निस्तरणे, अक्षरे गिरवून घेणे, विणकाम व छापखान्याचे काम शिकवणे यांत वर्षे गेली, आणि 1905 च्या जानेवारीपासून नित्य प्रार्थनेसाठी बायका एकत्र जमू लागल्या त्या या दीर्घ शुश्रूषेनंतर. जिला कालपर्यंत स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते तिने शास्त्र वाचून दुसरीला समजावून सांगावे, हेच माझ्या मते खरे संजीवन; जूनमधील अश्रू आणि आक्रोश हे त्याचे फळ होते.

स्वातंत्र्यानंतर मंडळीपुढे निराळा व्यत्यय आला. नागपूर राजधानी असलेल्या तत्कालीन मध्यप्रदेश सरकारने 1954 मध्ये नेमलेल्या नियोगी समितीने मिशनांच्या कार्याची चौकशी केली, 1956 मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि परदेशी मिशनऱ्यांच्या आधारावर विसंबून राहण्याचे दिवस सरत आल्याचे विचारी पाळकांना उमगले. तथापि त्याआधीच, 1953 मध्ये, यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन होऊन निरनिराळ्या पंथांच्या तरुणांना एकत्र शिक्षण मिळू लागले होते. 1970 च्या 29 नोव्हेंबरला नागपुरात सहा पंथांचे विलीनीकरण होऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तिच्यात फ्री मेथडिस्ट सामील नव्हते, पण ऐक्याचा अभ्यास यवतमाळच्या वर्गांत आधीच सुरू होता.

1983 मध्ये हे विद्यालय पुण्यास बिबवेवाडीला गेले. संस्थेच्या विस्ताराला ते हितकारक असेल. परंतु उमरखेड-पुसदकडील ज्या मंडळ्यांना आपल्याच जिल्ह्यात आपले पाळक घडताना दिसत होते, त्यांच्या मुलांना आता त्यासाठी शेकडो मैल दूर जावे लागणार होते.