जुन्या स्कॉट्स भाषेतील नातेवाचक शब्द आणि वारसाहक्काचा इतिहास

नातेवाचक शब्द हे केवळ भाषाभ्यासाचे नव्हे, तर वारसाहक्काच्या इतिहासाचेही साधन होय. स्कॉटलंडच्या मध्ययुगीन कागदपत्रांत याचा विशेष प्रत्यय येतो.

जुन्या स्कॉट्समध्ये ‘नेव्हो’ हा शब्द पुतण्या, भाचा आणि नातू या तिघांनाही लावला जाई. लॅटिन दस्तऐवजांतील ‘नेपोस’ची स्थितीही तीच. डिसेंबर १३१८ मध्ये स्कून येथील संसदेने, रॉबर्ट ब्रूस राजास पुत्र न झाल्यास रॉबर्ट स्ट्युअर्ट हा वारस ठरविला आणि वारस अल्पवयीन असल्यास पालकत्व थॉमस रँडॉल्फकडे सोपविले. पहिला राजकन्या मार्जोरीचा मुलगा, म्हणजे राजाचा नातू. दुसरा राजाचा भाचा. ‘नेव्हो’ मात्र दोघेही! मराठी अभ्यासकाला येथे शब्दावर विसंबून चालत नाही. अगोदर वंशावळ पाहावी लागते, अन्यथा एक संपूर्ण पिढी चुकते. गेलिकमधून आलेला ‘ओय’ हा शब्द प्रामुख्याने नातवंडासाठी होता. ‘गुडसर’ म्हणजे आजोबा, तर ‘गुडफादर’ म्हणजे सासरा.

याउलट ‘फादर-ब्रदर’ (काका), ‘ब्रदर-सन’ (पुतण्या), ‘सिस्टर-सन’ (भाचा) हे जोडशब्द अगदी नेमके आहेत. मामासाठी ‘ईम’ हा जुना शब्द होता. पुढे तो काकालाही लावला जाऊ लागला. या नेमकेपणास कायद्याची बाजू आहे. १४७४ च्या कायद्यानुसार पोरक्या बालकाचा कायदेशीर पालक म्हणजे पितृपक्षाकडील, २५ वर्षे पूर्ण केलेला सर्वांत जवळचा पुरुष. हा मान बहुधा काकाकडे जाई, मामाकडे कधीच नाही. तथापि काकाने मालमत्ता सांभाळावी, मूल मात्र आईपाशी असावे, असा संकेत होता. कारण मूल दगावल्यास वारस काकाच. कायद्याचा हा संशय निराधार म्हणता येत नाही.

अशा मृत बालकाची मालमत्ता आईकडे किंवा आजोळी जात नसे. १८५५ च्या कायद्याने यात अल्पशी सवलत दिली. मातृपक्षास खऱ्या अर्थाने समान स्थान मिळाले ते १९६४ च्या वारसा कायद्याने. भाषेने मात्र काका आणि मामा यांना फ्रेंचमधून आलेल्या ‘अंकल’ या एकाच शब्दात त्यापूर्वीच एकत्र केले होते.