विरोधाचे माप

विजेच्या घरात माणसे तीन : दाब, प्रवाह आणि रोध. आमच्या बँकेतही हीच तिघे नांदतात. वरून येतो तो हेड ऑफिसचा दाब, टेबलावरून टेबलावर सरकतो तो कागदांचा प्रवाह आणि रोध म्हणजे अस्मादिक. दाब दुप्पट केला की प्रवाह दुप्पट. रोध दुप्पट झाला की प्रवाह निम्मा. अट एकच, तार तापता कामा नये. तांब्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. इथे तिचे आणि आम्हा कारकुनांचे गोत्र जुळते.

हा हिशेब मांडला एका शाळामास्तराने. गेओर्ग ओहम, जन्म १७८९, बव्हेरियातले एर्लांगेन गाव. वडील कुलुपे बनवणारे. पण पोरांना गणित त्यांनीच शिकवले. १८१७ पासून ओहम कोलोनच्या शाळेत मास्तर होता.

पंचाईत अशी, की व्होल्टाने १८०० साली शोधलेली विजेची चळत भारी लहरी. तिचा दाब घटकेत चढे, घटकेत उतरे. नोटा मोजताना कुणी मधेच चार काढाव्यात नि दोन घालाव्यात, तर कॅश जुळायची कशी? मग पोगेनडॉर्फ ह्या शास्त्रज्ञाने तोड सुचवली. ओहमने तांबे आणि बिस्मथ जोडले, एक सांधा उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. दोन्हींतला फरक ठरलेला, म्हणून दाबही ठरलेला! मग सारख्या जाडीच्या, कमीजास्त लांबीच्या तारा लावून चुंबकसुई किती वळते ते पाहिले. १८२६ साली कॅश जुळली.

खरे तर इंग्लंडच्या कॅव्हेंडिशला हे आधीच उमगले होते. मीटर नसल्याने हा गृहस्थ स्वतःच्या अंगाला झटका घेऊन अंदाज बांधी. पण टिपणे कपाटात राहिली. मॅक्सवेलने ती छापली १८७९ साली. आमच्याकडे ह्याला पेंडिंग फाईल म्हणतात.

ओहमने मात्र १८२७ साली बर्लिनमध्ये पुस्तक छापले. विद्यापीठात जागा मिळेल ह्या आशेवर त्याने कोलोनची पक्की नोकरी सोडली. पक्की नोकरी, हो! नुसते लिहितानाही माझा हात कापतो. पण पुस्तकाचे स्वागत थंडच झाले. पुढची काही वर्षे किरकोळ शिकवण्यांत गेली. न्यूरेंबर्गला बरी जागा मिळाली ती १८३३ साली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले १८४१ साली. म्यूनिकला पुरता प्राध्यापक झाला १८५२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. त्याआधीच बँक आमच्या हाती नारळ देते. दोनच वर्षांनी, १८५४ साली, तो वारला.

१८८१ साली पॅरिसला जगातले वीजपंडित जमले. दाबाला त्यांनी इटलीच्या व्होल्टाचे नाव दिले, प्रवाहाला फ्रान्सच्या अँपिअरचे आणि रोधाला ह्या मास्तराचे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या मीटरवर घोड्याच्या नालेसारखी एक खूण असते, ती पाहा. कुलूपवाल्याच्या मुलाची आहे.